बातमी की रेटकार्ड?

ऑक्टोबर २००९. विधानसभा निवडणुकीचा माहोल. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या मराठी पेपरांत एकाच नेत्याची आरती छापून आली, तीही शब्दन्‌शब्द सारखी! पी. साईनाथांनी ते चव्हाट्यावर आणलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये ७१ पानी रिपोर्ट दिला. तो पूर्ण बाहेर यायला मात्र २०११ उजाडलं.

मी तेव्हा पुरवणीच्या डेस्कवर होतो. एका बिल्डरची जाहिरात माझ्या नावानं ‘लेख’ म्हणून गेली. ‘जाहिरात’ हा शब्द कुठेच नाही. (बायलाइन मिळाली म्हणून मी खूशही होतो!) महिन्याभरानं मावसभावाचा फोन आला, ‘‘दादा, तुझं वाचून बुकिंग केलं रे!’’

काय बोलणार? अभिनंदन म्हटलं.