मोहफूल वेचायला जंगलात जाताय? आधी हे वाचा

चिमूर : मार्च-एप्रिल आला की चिमूर तालुक्यातील जंगलालगतच्या गावांत दिवस पहाटेच सुरू होतो. टोपली, पाणी आणि भाकरीची शिदोरी घेऊन अख्खे कुटुंब मोहाखाली बसते. पण याच वेळी वाघाचाही वावर असतो.

पहाटेच का?
मोहफुले रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. उशीर झाला की गुरे आणि हरणे ती खाऊन टाकतात.

धोका का वाढतो?
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. वाघ पहाटे व सायंकाळी अधिक फिरतो. वाकून फुले वेचणारा माणूस त्याला एखाद्या जनावरासारखा वाटू शकतो.

काय काळजी घ्याल?
• नीट उजाडल्यावरच निघा. एकटे जाऊ नका.
• आपसात बोलत राहा. एकाने उभे राहून लक्ष ठेवावे.
• लहान मुलांना सोबत नेऊ नका.

पाला का जाळू नये?
फुले दिसावीत म्हणून पाला पेटवला जातो आणि त्यातूनच वणवा लागतो. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. पाला झाडून बाजूला सारा किंवा झाडाखाली जुने लुगडे अंथरा. चूलही घरीच पेटवा.

घरी काय कराल?
फुले कडक उन्हात वाळवा. भाजून, तिळासोबत कुटून लाडू वळा. भिजवून शिजवलेली फुले कणकेत मळली, की गूळ न घालताही गोड पुऱ्या होतात.

टोपलीभर फुले उद्याही पडतील. आज सगळे घरी परतणे महत्त्वाचे.