दोन तांदळांचं दुकान

गणपती पेठेत सकाळी रस्ता पोत्यांचा असतो, माणसांनी कडेनं जायचं. सांगलीचा बहुतेक किराणा इथून उठतो. दुकानांच्या तोंडाशी तांदळाचे नमुने मांडलेले असतात: कोलम, इंद्रायणी, आंबेमोहर, बासमतीचा तुकडा. कुपवाडच्या एका गुंठेवारी वसाहतीतल्या दुकानात पोचेपर्यंत त्यातले दोनच उरतात, ‘बारीक’ आणि ‘जाडा’. बाकीचे कुठं गळतात ते बघायला मी दुकान चालवणाऱ्या वहिनींबरोबर पेठेत गेले.

वहिनींनी इंद्रायणी मुठीत घेतला, वास घेतला, परत ठेवला.

‘चांगलाय ओ. पण अख्खं पोतं घ्यायला लागतंय. चार घरं न्हेणार, बाकीचा किडा पडेस्तोवर माझ्यात.’

तांदळाची चव किंवा नफा त्यांच्या हिशेबात नंतर येतो. आधी बघायचं ते पोतं किती दिवसांत रिकामं होईल. त्यात 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीतल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी बसला आणि बाजारात 26 आणि 30 किलोंची पोती दिसू लागली. कर चुकला, पण छोट्या दुकानदाराच्या गळ्यात पोतं आणखी मोठं पडलं.

माल रिक्षा टेम्पोत भरून आम्ही निघालो. वसाहतीत शेवटचा रस्ता कच्चा आहे. शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं, म्हणजे 1089 चौरस फुटांच्या हिशेबानं विकली गेली. मंजूर आराखड्यात रस्ता, मोकळी जागा सोडावी लागते, इथं ती सोडायची कुणी? अशा वस्त्या नियमित करायला 2001 मध्ये कायदा आला. कागद नियमित होतात, पण घरांमधली जागा काही वाढत नाही. म्हणून दुकान म्हणजे वहिनींच्या घराची पुढची खोली. फळ्या तीन भिंतींना, चौथ्या बाजूला गिऱ्हाईक.

दुपारी पोतं फुटतं. पावकिलो, अर्धा किलो, पुड्या बांधून ठेवायच्या, कारण संध्याकाळी एमआयडीसीची पाळी सुटली की काट्यावर तोलायला सवड नसते. हळद मात्र कंपनीच्या दहा रुपयांच्या पुडीतच. हळदीच्या पेठेचं गाव, इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि वहिनींच्या दुकानात सुटी हळद नाही! ‘सुटी घेतली की भेसळ म्हणत्यात,’ त्या म्हणाल्या.

‘काकी, आईनं तूरडाळ सांगितलीय अर्धा किलो.’

‘तूर उद्या येणाराय. मसूर न्हे की.’

पोरगी मसूर घेऊन गेली. पैसे नाहीत, वहीत मांडलं.

महिन्याचा बाजार मॉलमधून भरावा, स्वस्त पडतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी महिन्याचे पैसे एकदम हातात लागतात आणि पिशव्या आणायला गाडी. ज्या घरात पगार आठवड्यानं येतो, त्या घराला अर्धा किलोचा चढा दर परवडतो, कारण तो शनिवारपर्यंत वहीत थांबतो. वही नसलेलं मोठं दुकान या गल्लीच्या तोंडाशी उघडलं, तरी निवड वाढेल ती रोख पैसेवाल्यांचीच.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली आणि गणपती पेठ पाण्यात बुडाली. वहिनींच्या गल्लीत पाण्याचा थेंब नव्हता. तरी फळ्या रिकाम्या झाल्या. त्या दिवसांत पावकिलोवर एक दाणा कुणाला दिला नाही, असं त्या सांगतात. त्यावरून दोन घरांनी खातं मोडलं, तेही सांगतात.

अलीकडे मात्र फळीवर एक नवीन जिन्नस आलाय: मोहरीचं तेल. पलीकडच्या चाळीत बिहारकडचे कामगार राहायला आले, त्यांनी विचारून विचारून पिच्छा पुरवला. आता पुढची पेटी सांगण्याआधी वहिनी त्यांच्यातल्या एकाला थांबवून विचारतात, ‘छटपूजेला गावाकडं कितीजण जाणार, आणि परत कधी येणार?’