काचेच्या पेटीतले बावखल

वनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाणी गाळणारे यंत्र, म्हणजे फिल्टर, नेमके कोणते काम करते याविषयी बराच गैरसमज आढळतो. पाणी हिरवट झाले किंवा काचेवर शेवाळ धरले की फिल्टर लहान पडला असे गृहीत धरून मोठा आणला जातो, आणि थोड्याच दिवसांत त्या मोठ्या फिल्टरच्या नळीवरही तेच शेवाळ धरते. वस्तुतः फिल्टर पाण्यातला तरंगता गाळ अडवतो, पाणी खेळते ठेवतो आणि जिवाणूंना राहायला जागा देतो. शेवाळाचे खाद्य मात्र तो पाण्यातच ठेवतो.

हे खाद्य माशांच्या विष्ठेतून, न खाल्लेल्या दाण्यांतून आणि कुजणाऱ्या पानांतून तयार होते. त्यातून प्रथम माशांना घातक असा अमोनिया निर्माण होतो, स्पंजावर व कंकरावर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गोड्या पाण्याच्या टाकीत यातला दुसरा टप्पा मुख्यतः नायट्रोस्पायरा वर्गातील जिवाणू पार पाडतात, असे १९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले, आणि याच वर्गातील काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हे २०१५ मध्ये समोर आले. नायट्रेटपाशी येऊन फिल्टरचे काम संपते. तिथून पुढे ते एक तर वनस्पती शोषून घेते, किंवा पाणी बदलताना बाहेर जाते, किंवा शेवाळाच्या वाट्याला येते. वनस्पती तर अमोनियाही थेट शोषतात, म्हणजे जोमाने वाढणारी वनस्पती हीच टाकीतील पहिली गाळणी होय. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती, गोल्डफिश आणि कुजलेली पाने व बुळबुळीत थर खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून दाखवल्या, तेव्हा विजेवर चालणारा फिल्टर अस्तित्वातच नव्हता.

म्हणून फिल्टरची निवड वनस्पतींना पूरक अशी करावी लागते. दोन फूट लांब आणि एकेक फूट रुंद व उंच अशा टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, आणि तासाला टाकीतील पाणी चार ते सहा वेळा फिरावे हा सर्वमान्य ठोकताळा लावला तर ताशी साधारण २२५ ते ३४० लिटरचा फिल्टर पुरतो. मात्र खोक्यावर छापलेला आकडा बहुधा स्पंज न भरता मोजलेला असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त आणि भरवशाचा असतो, परंतु त्याचे बुडबुडे पाण्यात मुद्दाम सोडलेला कार्बन डायऑक्साइड उडवून लावतात. तो सिलिंडरमधून द्यायचा असेल तर टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर योग्य. वीज काही तास गेली की या बंद डब्यातील प्राणवायू जिवाणू संपवून टाकतात आणि पुढे स्वतःच मरू लागतात, त्यामुळे जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि एक स्पंज हाताशी असणे शहाणपणाचे ठरते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत धुण्याची हौस अनेकांना असते. त्यातून निघणाऱ्या तपकिरी पाण्याबरोबर जिवाणूही वाहून जातात, उरलेल्यांना नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारते, आणि दोन दिवसांनी टाकी गढुळते. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोनतीनदा पिळला की पुरे.

वसई-विरारमध्ये यापुढचा प्रश्न पाण्याचा आहे. शहराला सूर्या नदीवरील धरणाचे, तसेच उसगाव व पेल्हारचे पाणी मिळते, पण अनेक सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवरही अवलंबून असतात, आणि किनारपट्टीच्या बोअरचे पाणी बहुधा जड, कधी मचूळ असते. अशा पाण्याने पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ७ वरून ८ वर गेले तर एकूण अमोनियातील विषारी अंश २५ अंश तापमानाला अर्ध्या टक्क्यावरून पाच टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे एकच चूक एका इमारतीत खपून जाते आणि शेजारच्या इमारतीत मासे मारते. जड पाण्याची एक जमेची बाजूही आहे: व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या आपल्याकडच्याच वनस्पती त्यातील बायकार्बोनेटपासून कार्बन मिळवू शकतात, आणि भर उजेडात त्यांच्या पानांवर चुन्याची खरखरीत पांढरी साय धरते. शेवाळावर उपाय म्हणून विकले जाणारे ग्लुटाराल्डिहाइडयुक्त ‘लिक्विड कार्बन’ मात्र नेमक्या याच व्हॅलिस्नेरियाला अनेकदा विरघळवून टाकते.

उन्हाळ्यात टाकीचे पाणी तिशी ओलांडते. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. शिवाय दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्याने पंख्याचा उपयोग कोरड्या प्रदेशातल्यापेक्षा कमी होतो. जे पाणी उडते ते क्षार मागे ठेवून जाते, तेव्हा घट बोअरच्या पाण्याने भरत राहिल्यास टाकी दर आठवड्याला अधिक जड होत जाते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बावखले, म्हणजे वाड्यांलगत खणलेली गोड्या पाण्याची तळी, याच प्रश्नाचे मोठे रूप दाखवतात. पावसाने भरणारी, आसपासच्या विहिरींना पाझर देणारी आणि रहाटाने उपसून वाडी भिजवणारी ही व्यवस्था होती. त्यांतली कित्येक बुजवली गेली, काहींमध्ये सांडपाणी शिरले आणि ती हिरवी पडली किंवा जलपर्णीने झाकली गेली. उथळ तळी वनस्पतींनी भरलेली व नितळ, किंवा शैवालाने गढुळलेली, अशा दोन स्थिर अवस्थांत राहू शकतात आणि दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात, असे डच परिस्थितिकीतज्ज्ञ मार्टेन शेफर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले. टाकीचेही तेच आहे: पहिल्या दिवशीच दाट लागवड केलेली टाकी नितळ बाजूला झुकते, आणि चार काड्या रोवून दिवसभर दिवा लावलेली टाकी दुसऱ्या बाजूला.

त्यामुळे शेवाळावर पहिली मात्रा म्हणजे दिव्याला टायमर लावून उजेड सहा ते आठ तासांवर आणणे. नव्या टाकीत दिसणारी तपकिरी धूळ डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची असते आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. पानांच्या कडांवरचे काळे झुपके हे लाल शैवाल असून ते खरडून निघत नाही, ती पानेच कापावी लागतात. आणि निळसर हिरवा, उग्र वासाचा, चादरीसारखा सोलून निघणारा थर हा शैवाल नसून सायनोजिवाणूंचा असतो, तो बहुधा पाणी साचून राहते तिथे धरतो. काच साफ करील म्हणून घेतला जाणारा सकर मासा हा सौदा तर बहुतेक वेळा फसतो: तो फूटभराहून मोठा होतो, वयाबरोबर शेवाळाकडे पाठ फिरवतो, आणि टाकीत मावेनासा झाला की एखाद्या तलावात सोडला जातो, जिथे तो परका आणि उपद्रवी ठरतो.

उरते ते दर आठवड्याला पाव ते अर्धे पाणी बदलणे. नव्या पाण्यातील क्लोरीन आधी क्लोरीननाशक थेंबांनी मारावे लागते. जुने पाणी मोरीत ओतण्याऐवजी, ते मचूळ नसेल तर, गॅलरीतल्या कुंड्यांना घालता येते, कारण रहाट बावखलातून वाडीला जे पोचवीत असे, त्यातलेच नायट्रेट त्या बादलीत असते.