संकेतस्थळालाही रॅम्प हवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूर आणि नांदेडमधली मल्टिसर्व्हिसेसची दुकाने रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात. प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, दाखले, सगळेच आता ऑनलाइन. या गर्दीत एखादा दृष्टिहीन विद्यार्थीही असतो. मोबाइलमधल्या स्क्रीन रीडरच्या मदतीने तो मेसेज वाचतो, बातम्या ऐकतो, अभ्यासही करतो. अर्ज भरताना मात्र त्याचे घोडे अडते. मग आधार क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी दुकानातल्या अनोळखी माणसाला मोठ्याने सांगावा लागतो. हा अडथळा बहुतेक वेळा संकेतस्थळ बनवणाऱ्याने नकळत उभा केलेला असतो. तो काढणे फारसे अवघडही नसते.

त्यासाठी स्क्रीन रीडर कसा चालतो, हे आधी समजून घेऊ. हे सॉफ्टवेअर पानामागची संगणकीय रचना, म्हणजे एचटीएमएल, क्रमाने वाचून बोलून दाखवते. एखादा मजकूर फक्त अक्षरे मोठी आणि ठळक करून शीर्षकासारखा सजवला, तर डोळस माणसाला ते शीर्षक वाटते. स्क्रीन रीडरला तो साधा मजकूरच वाटतो. तेच शीर्षकाच्या योग्य खुणेत लिहिले, तर वापरणारा एक कळ दाबून थेट पुढच्या शीर्षकावर उडी घेतो. अर्जातल्या रिकाम्या चौकटीला ‘वडिलांचे नाव’ अशी पाटी आतून जोडलेली नसेल, तर तिथे काय लिहायचे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल, तर नुसते ‘चित्र’ किंवा फाइलचे अगम्य नाव ऐकू येते.

मराठीच्या खास अडचणी

मराठी संकेतस्थळांवर आणखी तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, सूचनेचा कागद स्कॅन करून टाकणे. असे पान म्हणजे फोटो. त्यातले एकही अक्षर स्क्रीन रीडरला मिळत नाही. दुसरी, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर. तो पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. ऐकणाऱ्याच्या कानावर निव्वळ बडबड पडते. तिसरी चूक अगदी छोटी: पानाची भाषा मराठी आहे, हे एचटीएमएलमध्ये न सांगणे. ही एक ओळ असेल, तर स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. याशिवाय दोन ओळींत अंतर कमी ठेवले, की वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात आणि डोळसांनाही वाचताना त्रास होतो.

याचा फायदा फक्त दृष्टिहीनांना होतो असे नाही. चाळिशी लागलेले, मोतीबिंदू झालेले, हाताला कंप असलेले, ऐकू न येणारे, उन्हात उभे राहून मोबाइल पाहणारे अशा सगळ्यांना तो होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या लक्षणीय अपंगत्वासह जगतात.

संकेतस्थळे सुगम करण्याचे जागतिक निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत. त्यांची अलीकडची आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सार सोपे आहे: मजकूर प्रत्येकाला जाणवावा, चालवता यावा, समजावा आणि वेगवेगळ्या साधनांवर नीट उघडावा. काही गोष्टी आकड्यांत सांगितल्या आहेत. साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ : १ हवा, पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर तो २१ : १ असतो. फिकट करड्या अक्षरांची ‘फॅशन’ इथेच नापास होते. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान कोलमडता कामा नये.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असणे ही जबाबदारी ठरवली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्ती कशी पाळणार, हा त्या खटल्यातला प्रश्न होता. न्यायालयाने त्यात २० निर्देश दिले.

पण निर्देशांवरून पाने बनवणार कोण? आपल्याच भागातली मुले. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेजारीच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातूरची ओळख तर शिक्षणाचीच. वेब डिझाइन शिकणारी मुले दोन्ही शहरांत आहेत. त्यांनी रंगसंगतीआधी एचटीएमएलच्या खुणांचा खरा अर्थ शिकावा, आणि सुगमता पहिल्या दिवसापासून शिकावी. इमारत बांधून झाल्यावर रॅम्प जोडणे महागात पडते. इथेही तसेच आहे.

साधने फुकट आहेत. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा संगणकावरचा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असतो. क्रोम ब्राउझरमधले ‘लाइटहाउस’ बऱ्याच चुका दाखवते. पण चित्राला दिलेला मजकूर अर्थपूर्ण आहे की नुसता भरलेला, हे यंत्राला नीट ओळखता येत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

घरच्या घरी चाचणी

- माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब आणि एंटर वापरून अर्ज शेवटपर्यंत भरता येतो का?
- टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत, हे पडद्यावर दिसते का?
- अक्षरे दुप्पट मोठी करा. काही झाकले जाते का?
- चूक झाल्यावर नुसती लाल चौकट दिसते, की काय चुकले ते शब्दांत सांगितले जाते?
- स्क्रीन रीडर सुरू करून डोळे मिटा. दहा मिनिटांत तुमचे काम होते का?

शेवटची आणि सर्वांत खरी चाचणी म्हणजे आपल्या महाविद्यालयातल्या दिव्यांग मित्राला पान वापरायला देणे आणि तो कुठे अडतो ते मध्ये न बोलता पाहणे. तो अडला, तर दुरुस्ती पानात करायची आहे. पुढच्या प्रवेशाच्या हंगामात त्याला आपला अर्ज आपल्याच हाताने, ओटीपी कुणालाही न सांगता भरता आला, तर ते संकेतस्थळ पास झाले असे समजावे.