जयंतीचा फ्रॉक आणि लेकराचं अंग

जयंती महिन्यावर आली की मुदखेडच्या आमच्या वस्तीत शिलाई मशिनी खडखडू लागतात. मागल्या वर्षी आम्ही चौघीजणींनी लेकरांचे कपडे घरीच शिवले. नांदेडहून खडीच्या छपाईचं कापड, टिकल्यांची जाळी, चमकीची लेस आणली. फ्रॉक झाले झोकदार. पण 14 एप्रिलला ऊन मी म्हणत होतं, आणि मिरवणुकीतच लेकरं रडू लागली. घरी फ्रॉक काढले तर काखेत, मानेवर घामोळं उठलेलं आणि टिकल्यांचे ओरखडे. चूक आमचीच.

खडीची किंवा रबराची छपाई म्हणजे कापडावर बसलेला थर. त्यातून हवा खेळत नाही, घाम सुकत नाही. लहान लेकराची कातडी नाजूक, घामाची छिद्रं लवकर बुजतात. नायलॉनच्या जाळीनं तर आणखीच उकडतं.

यंदा अंगाला लागेल ते सगळं सुती ठेवलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावलं. छपाई फक्त घेराला, पाठ-छाती मोकळी. बोटानं चोळल्यावर छपाईचा पापुद्रा निघाला ते कापड दुकानातच सोडलं. शिवायच्या आधी कापड दोनदा धुतलं, कारण नव्या कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेल्या रसायनांनी काहींना खाज सुटते. ओलं पांढरं फडकं घासून रंग पाहिला. जांभळा उतरला, त्याची पिशवी शिवली. मिठाच्या पाण्यानं कच्चा रंग पक्का होतो असं आम्हीही मानायचो. होत नाही.

साधा कपडा गरिबीचा दिसेल, असं एकजण म्हणाली. तेव्हा आमच्यातल्या आजींनी महाडची आठवण दिली. डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी तिथं बायांना सांगितलं होतं, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. मग निळ्या सुती कापडाची पिंपळपानं कापून गळ्याभोवती बारीक टाक्यांनी बसवली. बाजारच्या लेसपेक्षा ती उठून दिसतात, हे त्याच बाईनं कबूल केलं.

तीन वर्षांखालच्या लेकराच्या कपड्याला टिकली, मणी, आरसा, सैल बटण नकोच. निघालं की थेट तोंडात जातं. श्वास अडकून लेकराला रडता-खोकता येत नसेल तर घशात आंधळं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. वर्षाखालचं असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि पाठीवर तळव्यानं पाच थापा द्या. दुसऱ्या कुणाला लगेच 108 लावायला सांगा.

बुद्धपौर्णिमेला विहारात मेणबत्त्यांची रांग असते. नायलॉनचा घेर पेटला की वितळून कातडीला चिकटतो. त्या दिवशी लेकरांना पांढरं सुती, तेही आखूड घेराचंच घाला, सुतीसुद्धा पेटतंच. भाजलंच तर जागेवर वीस मिनिटं गार पाणी ओता, चिकटलेलं कापड ओढू नका, टूथपेस्ट लावू नका, आणि दवाखाना गाठा.