नोव्होसिबिर्स्कची परिषद

पृथ्वीवरील जवळजवळ सारी जीवसृष्टी सूर्याच्या आधारावर जगते. हा सूर्य आपले तेज कोठून आणतो? त्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिळून त्यांतून हेलियमचे अणुकेंद्र बनते. या क्रियेस अणुसंमीलन म्हणतात. मूळच्या केंद्रांहून नव्या केंद्राचे वस्तुमान किंचित कमी भरते. आणि जेवढे कमी भरते, तेवढेच ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते.

अशीच क्रिया पृथ्वीवर घडवून वीज निर्माण करावी, हे शास्त्रज्ञांचे जुने स्वप्न आहे. त्यासाठी लागणारा जड हायड्रोजन समुद्राच्या पाण्यात विपुल आहे. पण मार्ग मोठा बिकट! अणुकेंद्रे एकमेकांस दूर लोटतात. त्यांचे मीलन घडविण्यास कोट्यवधी अंशांचे तपमान हवे. इतक्या तप्त वायूतील इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात. अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. तो भांड्याच्या भिंतीस लागला, की निवतो. म्हणून त्यास चुंबकीय बलाने अधांतरी धरून ठेवावे लागते.

१९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा तिचे अध्यक्ष होते. दोन दशकांच्या आत मानव संमीलनाची शक्ती काबूत आणील, असे भाकीत त्यांनी केले. परंतु त्या वेळी मोठी राष्ट्रे हे संशोधन गुप्त ठेवीत. एकाची चूक दुसऱ्यास कळत नसे. मग तोही तीच चूक करी. १९५८ साली जिनीव्हाच्या दुसऱ्या परिषदेत हा पडदा दूर झाला. तेव्हा दिसून आले, की प्लाझ्मा कोणाच्याच यंत्रात स्थिर राहत नाही.

पुढे १९६८ च्या ऑगस्ट महिन्यात सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क या शहरी संमीलनाच्या अभ्यासकांची परिषद भरली. तीत लेव्ह आर्त्सिमोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने आपल्या ‘टोकामॅक’ यंत्राची हकीकत सांगितली. बांगडीसारख्या वाटोळ्या पोकळीत प्लाझ्मा कोंडून त्याच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांचे तपमान सुमारे १ कोटी अंशांपर्यंत नेले होते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसेना. एवढी उष्णता मोजणार कशी? कोणताही तपमापक तीत टिकणार नाही. आणि सोव्हिएत मोजणी तर अप्रत्यक्ष होती.

त्या काळी सोव्हिएत संघ व पाश्चात्त्य राष्ट्रे यांच्यांत तीव्र वैर होते. तथापि आर्त्सिमोविचने शंकेचा राग मानला नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञांपाशी लेसर प्रकाशाने तपमान मोजण्याची नवी पद्धत होती. ‘तुमची उपकरणे घेऊन या आणि स्वतःच मोजा,’ अशा अर्थाचे निमंत्रण त्यांना गेले. त्याप्रमाणे इंग्लंडमधील कलहॅम येथील प्रयोगशाळेचे पथक आपली उपकरणे घेऊन मॉस्कोस पोहोचले. त्यांनी प्लाझ्मावर लेसरचा झोत टाकला. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात अधिक फरक पडतो. आणि त्या वेगावरून तपमान काढता येते. मोजणी पुरी झाली. सोव्हिएत शास्त्रज्ञांचे म्हणणे खरे ठरले! १९६९ च्या नोव्हेंबरात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि देशोदेशी टोकामॅक उभारले जाऊ लागले.

डॉ. भाभांची दोन दशके केव्हाच उलटली. संमीलनाची वीज अद्याप घरोघर पोहोचलेली नाही. पण प्रयत्न थांबलेले नाहीत. २००६ साली भारतासह सात सदस्यांनी करार केला. त्यानुसार दक्षिण फ्रान्समध्ये ‘ईटर’ नावाचा प्रचंड टोकामॅक उभारला जात आहे. २०१८ साली संमीलनाविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या देशात, गांधीनगर येथे भरली होती.

अशा परिषदांत केवळ भाषणे होत नाहीत. तेथे आपले काम दुसऱ्याच्या परीक्षेस उतरवावे लागते. ज्याचे म्हणणे खरे आहे, त्याने परीक्षकास भिण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवावे, हेच शास्त्राचे व्रत होय.