झाड मुळापासून काढावें

चित्रकलेच्या तासास मुलांना झाड काढावयास सांगितलें म्हणजे बहुतेक मुलें प्रथम वरचा गोल पर्णभार काढतात व मागाहून त्यास दोन रेघांचा बुंधा जोडतात. असें झाड कागदावर उभें राहतें खरें. पण तें जमिनींतून वर आलें आहे, असें पाहणाऱ्यास वाटत नाहीं. यांत चूक हाताची नसून डोळ्यांची असते. डोळ्यांचें हें शिक्षण ज्यांनीं आपल्या शिष्यांस आयुष्यभर दिलें, त्या नंदलाल बसू यांची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा येथें विचार आहे.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजीं बिहारांतील खडगपूर येथें झाला. गांवचे कुंभार मूर्ति कशा घडवितात, हें पाहण्याचा त्यांना बालपणापासून नाद होता. पुढें कलकत्त्यास महाविद्यालयांत त्यांचें मन रमेना. परीक्षांत अपयश आलें. अखेर घरच्यांची संमति मिळवून ते तेथील सरकारी कलाशाळेंत गेले व अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य झाले. १९१९ सालीं रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत कलाभवन स्थापिलें. लवकरच त्याची धुरा नंदलालांकडे आली व १९५१ पर्यंत त्यांनीं ती वाहिली.

शांतिनिकेतनाभोंवतालचा मुलूख म्हणजे कांहीं नंदनवन नव्हे. तांबडी माती, पावसानें पाडलेल्या घळी, विरळ ताड, कोपाई नदी आणि संथाळ लोकांचीं खेडीं, एवढेंच तेथील वैभव. नंदलाल शिष्यांस घेऊन याच मुलखांत हिंडत. वस्तु आधीं पुष्कळ वेळ पाहावी; ती कशी वाढते, कोणीकडे झुकते, तिचा तोल कोठें आहे, हें मनांत ठसवावें आणि मग रेघ ओढावी, अशी त्यांची शिकवण असे.

पुढें चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झालेले सत्यजित राय १९४० नंतर कांहीं काळ त्यांचे विद्यार्थी होते. त्यांनीं एक आठवण लिहून ठेविली आहे. झाड वरून खालीं काढूं नये. तें खालून वर वाढतें, म्हणून कुंचलाही बुंध्यापासून वर गेला पाहिजे, असें नंदलाल सांगत. ही केवळ हाताची युक्ति नव्हे. अशा रीतीनें काढणाऱ्यास झाडाची वाढ आपल्या मनगटांत जाणवूं लागते. निसर्गापासून स्फूर्ति घेणें म्हणजे सुंदर देखाव्यासमोर उसासे टाकणें नव्हे. निसर्गाचा व्यापार समजून घेणें होय.

जें निसर्गानें दिलें, तें नंदलालांनीं स्वतःपाशीं ठेविलें नाहीं. लहान लहान कार्डांवर चित्रें काढून तीं ते स्नेह्यांस व शिष्यांस टपालानें पाठवीत. १९३६ च्या डिसेंबरांत आपल्या खानदेशांत फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनीं तेथील सजावट बांबूसारख्या स्वस्त, स्थानिक सामानांतून केली. १९३८ सालीं गुजरातेंत हरिपुरा येथें तर त्यांनीं व शिष्यांनीं सुमारें चारशें चित्रफलक तयार केले. हातकागद व मातीचे रंग एवढेंच साहित्य. आणि विषय कोण, तर ढोलकऱ्या, कुंभार, शिंपी, सुतार, शेतकरी! ज्यांनीं जन्मांत चित्रशाळा पाहिली नव्हती, त्यांना येतां-जातां आपलेंच जिणें तेथें रंगांत दिसलें. पुढें भारताच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रतही त्यांनीं व शिष्यांनींच चित्रांनीं सजविली.

आतां एक कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या गणिताच्या वहींत मागल्या पानावर बैलाचें चित्र दिसलें. मीं रागानें तें पान फाडलें. फाडल्यावर तें नीट पाहिलें. दिवसभर नांगर ओढून आलेल्या बैलाची मान जशी खालीं येते, तशी ती अचूक उतरली होती. माझ्या डोळ्यांस जें कधीं दिसलें नव्हतें, तें त्या पोरानें पाहिलें होतें. मीं त्याची क्षमा मागितली. पण त्यानंतर त्यानें मला चित्र म्हणून कधीं दाखविलें नाहीं.

पालकहो, गणित अवश्य झालें पाहिजे. परंतु मागल्या पानावर कांहीं आढळल्यास तें फाडण्यापूर्वीं एकवार पाहावें, एवढीच विनंति आहे.

आणि मुलांनो, शाळेच्या वाटेवरील एखादें झाड निवडा. आठ दिवस त्याच्याकडे येतां-जातां पाहा. नंतर घरीं बसून तें मुळापासून वर काढा. रंग नसले तर कोळसा व गेरू पुरे. चित्र साधलें तर तें पेटींत ठेवूं नका. घरांतील आजीला, शेजाऱ्याला, आजारी सोबत्याला देऊन टाका. देणगी दिल्यानें उणी होत नाहीं. दुसरें चित्र काढण्यास हात मोकळा होतो.